भरीची अंडी

डझनांनी अंडी न्यायची आणि त्यातून एकही पिल्लू नको, असं सांगणारं गिऱ्हाईक मला तीसेक वर्षांच्या धंद्यात एकदाच भेटलं.

बाकीची गिऱ्हाइकं तऱ्हेवाईक होती, पण समजण्यासारखी. हिंगणीचा एक गडी पिल्लं घ्यायला आला की एकेक पिल्लू पायाला धरून उलटं टांगायचा. मान वर करील ती कोंबडी, लोंबेल तो कोंबडा, असा त्याचा सिद्धान्त. दर वेळी त्याच्या टोपलीत अर्धे कोंबडे निघायचे आणि दर वेळी तो येऊन मला म्हणायचा, "तुमची पिल्लंच बदमाश हायेत." आर्वीच्या बाजारातला एक व्यापारी होता, तो अंडं कानाशी नेऊन हलवायचा. आत खळखळ वाजलं की अंडं जुनं. तो माणूस एक शब्द न बोलता ते अंडं माझ्या हातात परत द्यायचा. त्याच्याशी भांडायला मला फार आवडायचं, कारण तो ऐकून घ्यायचा नाही.

मी आंजीहून सायकलवर अंडी विकून धंद्याला सुरुवात केली. मागे दोन टोपल्या, आत तणस. वडिलांनी मला एकच गोष्ट दिली, ती म्हणजे मोठा आवाज. पुढे सेलूच्या रस्त्याला जागा घेतली, चारशे माद्या आणि चाळीस नर पाळले, अंडी उबवायचं मशीन आणलं. कोणी हात धरून शिकवलं नाही. म्हणून मला कोणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या डोक्याचा वाटा मोठा आहे.

धंदा थोडक्यात असा. किराणा दुकानात मिळणाऱ्या अंड्यात जीव नसतो. ती पिंजऱ्यातल्या कोंबडीची अंडी, तिनं आयुष्यात नर पाहिलेला नसतो. माझ्याकडची अंडी नराच्या संगतीतली. ती घातल्या घातल्याच आत जीव असतो, फक्त झोपलेला. गार जागी ठेवलं तर तो झोपून राहतो, मशीनच्या उबेत ठेवलं की उठतो आणि एकवीस दिवसांनी कवच फोडून बाहेर येतो. पण त्या झोपेलाही मुदत आहे. आठवडाभर हरकत नाही. त्यापुढे दिवस जाऊ लागले की काही उठतच नाहीत, आणि जे उठतात त्यातले काही वाकडेतिकडे उठतात. खोली धड गार नसली तर आणखी वाईट. आतला जीव धड झोपत नाही, धड उठत नाही. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात काय असतं ते वर्ध्याच्या माणसाला सांगायला नको.

ट्रेमध्ये तीस अंडी मावतात. उन्हाळ्यात कोंबड्या कमी घालतात. मग ट्रे भरत नाही. तेव्हा मागच्या आठवड्यातली, त्याच्या मागच्या आठवड्यातली अंडी घालून ट्रे पुरा करायचा. आम्ही त्यांना भरीची अंडी म्हणायचो. सगळेच घालायचे. शंभरातली पाच-सात पिल्लं कमी निघायची, गिऱ्हाईक म्हणायचं, गरमी फार होती. आम्हीही म्हणायचो, हो, गरमी फार होती. या धंद्यात गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणणं हे मी सायकलवर असल्यापासून सर्वात मोठं पाप मानलं. आज नाही म्हटलं की उद्या तो दुसऱ्याकडे जातो.

वैशाली पहिल्यांदा आली ती एसटीतून उतरून, कडक उन्हात, हातात पुठ्ठ्याचा एक मोठा डबा घेऊन. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. वर्ध्यातल्या एका कॉलेजात ती संशोधन करत होती. मूळची आर्वीची, बाप तिथल्या डेपोत कंडक्टर. चष्मा, दोन वेण्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघायची सवय. माझ्यासमोर उभं राहून अशी नजर न हलवता बोलणारी माणसं कमी.

"काका, आजच घातलेली अंडी पाहिजेत. तीन डझन. सोमवारी अन् गुरुवारी."

"पिल्लं कवा न्याची?"

"पिल्लं नाई पाहिजेत."

"खाची हायेत का मंग? खाची त नाक्यावर भेटतात."

"खाची बी नाईत," ती म्हणाली. "मले दोन दिवसांचा डोळा पाहिजे."

मी बायकोकडे पाहिलं. मंदा शेडच्या दारात अंड्यांची टोपली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "पाह्यता काय? पोरगी उन्हातून आली, बसायले खुर्ची द्या आधी. डोळा मंग द्या."

मी घासाघीस केलीच. आजचंच अंडं हवं म्हणजे दिवसातून तीनदा शेडमध्ये फिरून वेचावं लागणार, प्रत्येकावर पेन्सिलीनं खूण करावी लागणार. मी म्हणालो, तीन डझनांच्या खाली जमणार नाही, तडकलेलं परत घेणार नाही, न्यायचं तुमचं तुम्ही. ती एकेक अट ऐकून मान हलवत गेली आणि शेवटी तिनं तिची एकच अट सांगितली. "आजचं अंडं आज. येवढं पक्कं सांगा." मी म्हणालो, "पक्कं." एवढ्या लवकर मानणारं गिऱ्हाईक मला कधी मिळालं नव्हतं, आणि खरं सांगतो, त्यामुळे मला तिची थोडी कीव आली. सौदा करता येत नाही पोरीला, असं मी मंदाला म्हणालो. मंदा म्हणाली, "तुमच्यावर इश्वास ठेवला तिनं. तुमाले सवय नाई त्याची."

महिन्याभरात पहिलं संकट आलं. कॉलेजातून चिठ्ठी आली, अंडी नापीक आहेत, एकाही अंड्यात गर्भ जगत नाही. खाली तिच्या मार्गदर्शक सरांची सही. मी सही पाहिली, माझा थर्मामीटर खिशात घातला आणि स्कूटर काढली.

सर प्रयोगशाळेत दहा-बारा पोरांसमोर उभे होते. मी आत गेलो तसे म्हणाले, "बाजारातली खायची अंडी आणून देता आणि वर जाब विचारायला येता?"

मी त्यांच्या मशीनमधून एक अंडं उचललं, बॅटरीसमोर धरलं. आत लाल जाळं पसरलेलं होतं, कोळ्याच्या जाळ्यासारखं, आणि ते जागच्या जागी थांबलेलं. "हे नापीक? नापीक अंड्यात रक्त येते का जी?" मग मी माझा थर्मामीटर त्यांच्या मशीनमध्ये ठेवला. त्यांच्या तबकडीवर साडेसदतीस, माझ्या काचेत चाळीस. चाळीसला कोंबडीचा गर्भ मरतो, हे माझ्या मंदाला माहीत आहे. पोरं हसू दाबत होती. सर म्हणाले, "उपकरणांत थोडाफार फरक असतोच," आणि निघून गेले. चूक झाली, हे दोन शब्द त्यांच्या तोंडून आजतागायत निघाले नाहीत. मी ते विसरलेलो नाही. विसरायचा विचारही नाही.

त्या दिवशी वैशालीनं मला सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा डोळा दाखवला. सुईनं आधी थोडं पांढरं काढून घ्यायचं, म्हणजे आतलं सगळं खाली बसतं. मग कवचाला कात्रीनं नखाएवढी खिडकी पाडायची. गर्भाच्या खाली काळी शाई सोडायची, की तो काळ्या पाटीवर खडूनं काढल्यासारखा उठून दिसतो. वीस वर्षं मी अंडी विकली आणि आत असं काही असतं हे मला माहीत नव्हतं. दीड दिवसाचा जीव, तांदळाच्या दाण्याएवढा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक फुगे.

"हा मेंदूतून निंघालेला फुगा हाय, काका. याले माहीत नसते का आपल्याले डोळा व्हाचं हाय. वरची कातडी याले निरोप पाठवते, तू पाह्यनारा पडदा हो. मागचं मांस निरोप पाठवते, तू काळं अस्तर हो. अन् हा फुगा उलटा कातडीले सांगते, तू भिंग हो. निरोप म्हंजे कागद नाई, प्रथिन हाय. एकानं सोडाचं, दुसऱ्यानं धराचं."

"म्हंजे सौदा हाय," मी म्हणालो.

ती हसली. "सौदाच. अन् मी मधात जाऊन एकाचं तोंड बंद करते. पाह्यते, डोळा होते का नाई."

तोंड बंद करायची रीत अशी. खसखशीहून बारीक मणी असतात. निरोप अडवणारं एक प्रथिन असतं, त्यात तो मणी भिजवायचा आणि चिमट्यानं उजव्या फुग्याजवळ ठेवायचा. खिडकीला चिकटपट्टी लावायची, अंडं परत मशीनमध्ये. चार दिवसांनी उघडून बघायचं. काही अंड्यांत नुसत्या मिठाच्या पाण्यात भिजवलेला, रिकामा मणी ठेवायचा. "रिकाम्या मण्याचा डोळा साजरा झाला अन् प्रथिनाच्या मण्याचा नाई झाला, तरच म्हनता येते का निरोप अडला म्हनून डोळा अडला. रिकाम्याचाबी डोळा बिघडला, त मंग मी काईच म्हनू शकत नाई."

एवढं वाक्य मी शब्दन् शब्द लक्षात ठेवलं. इतकं साफ बोलणारं माणूस कुणाला आवडणार नाही. मी घरी येऊन मंदालाही समजावून सांगितलं. ती म्हणाली, "येवढं समजते त तिची अंडी तुमी सोता वेचत जा." आणि हिवाळाभर मी वेचली. ते दिवस चांगले गेले. तिचा हात बसला, रिकाम्या मण्याचे डोळे काळेभोर, गोल यायचे. सोमवारी येऊन ती मला बोटांवर मोजून सांगायची, किती जगले.

खरं प्रथिन परदेशातून यायचं होतं. बर्फाच्या डब्यात एक कुपी, तिच्या तळाला डोळ्यांना दिसणारही नाही एवढी भुकटी. ती हिवाळ्यात यायची ती अडकत अडकत मार्चच्या शेवटी आली. तिची शिष्यवृत्ती संपायला वर्ष-दीड वर्ष उरलं होतं. या कुपीत जे होईल त्यावर तिची पदवी, आणि पदवीवर पुढचं सगळं. डेपोतल्या कंडक्टरच्या पोरीला दुसरी संधी कोण देतो?

आणि एप्रिलमध्ये माझ्या कोंबड्यांनी अंडी कमी केली.

सोमवारी छत्तीस हवी होती, वीस-बावीस होती. खोलीला वाळ्याचे पडदे लावले होते, पाणी मारत होतो, पण दुपारी तीन तास वीज जायची आणि खोली भट्टी व्हायची. मी काय करायला हवं होतं ते आता कुणीही सांगेल. तिला सांगायचं, पोरी, आज वीसच आहेत. पण माझ्या तोंडून 'नाही' निघत नाही. मी मागच्या ट्रेमधली चौदा-पंधरा अंडी घेतली, काही दहा दिवसांची, काही त्याहून जुनी, ओल्या फडक्यानं पुसली, त्यांच्यावर पेन्सिलीनं आजची खूण केली आणि छत्तीस पुरी केली. मंदा बघत होती. "आर्वीवाल्या व्यापाऱ्याले देसान का हे?" तिनं विचारलं. मी म्हणालो, तो कानाशी नेऊन हलवतो. मंदा म्हणाली, "पोरगी हलवत नाई म्हनून तिले."

असं त्या उन्हाळ्यात किती वेळा केलं ते मला सांगता येत नाही.

मे महिन्यात ती आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. बसली नाही. म्हणाली, "काका, रिकाम्या मण्याचेबी डोळे बिघडले. काईचा एकच डोळा हाय. काईचा येवढासा. नुसत्या खिडकीवाल्याचेबी. असं हिवाळ्यात कवाच झालं नव्हतं."

जुनं अंडं उबवलं तर काय निघतं ते मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. न फुटलेली अंडी आम्ही शेवटी फोडून बघतो, त्यात डोळ्यावर कातडी आलेली, एका डोळ्याची पिल्लं सापडतात. मला त्याच क्षणी कळलं. तिला कळायला फार वर्षं लागली असती, मला क्षणही लागला नाही.

"तुमाले एक विचारू? राग नका मानजा," ती म्हणाली. "अंडी त्याच दिवशीची असतात ना?"

राग नका मानजा म्हटल्यावर मला राग येतो. मला वाटलं, हे हिचं नाही, हे सरांनी विचारायला लावलं. ज्या माणसाला मी त्याच्या प्रयोगशाळेत थर्मामीटर दाखवला तो आता पोरीला पुढं करून मला चोर ठरवतो. मी आवाज चढवला. "मागच्या बारीले बी अंड्याचंच नाव घेतलं होतं. काय निंघालं मंग? मशीन निंघालं. तुमच्या सरले सांगजो, या हातची अंडी त्याच दिवशीची असतात. आपलं घर पाहा म्हना आधी."

ती लगेच म्हणाली, "सर नाई म्हनले काका. मीच विचारलं. चुकलं माझं." तिनं माझं मानलं. मी एकदा खरा ठरलो होतो, म्हणून दुसऱ्यांदाही खरा असणार, असा तिचा विचार. शिकलेल्या माणसाचा सरळ विचार.

अंडी ताजी असतील तर मग बिघाड कुठं? सरांनी निदान केलं, "तुझा हात वाईट आहे." खिडकी पाडताना धक्का बसतो, मणी ठेवताना टोचलं जातं, त्यातून डोळे जातात. पुढचे सहा-सात महिने त्या पोरीनं हात सुधारण्यात घालवले. पाऊस गेला, थंडी आली, कोंबड्या भरपूर घालू लागल्या, मी तिला खरोखरच त्या दिवशीची अंडी देऊ लागलो. आणि अर्थातच सगळे डोळे चांगले येऊ लागले. ती डिसेंबरात तिळाची वडी घेऊन आली. "काका, हात सुधारला माझा." मी वडी खाल्ली.

प्रथिन पुन्हा मिळवायला वेळ गेला. सरांनी ओळखीतून थोडं उरलेलं आणवलं, शेवटचंच. ते आलं एप्रिलमध्ये. तुम्ही म्हणाल, दुसऱ्या वर्षी तरी. मीही ठरवलं होतं. पहिले दोन सोमवार मी अठरा-वीस अंडीच दिली, म्हणालो, येवढीच हायेत. ती म्हणाली, "चालन काका, पन कुपी उघडली का आठ दिवसांत संपवा लागते. गुरुवारी कसंबी करून छत्तीस द्या. पुन्हा नाई मागत." पुन्हा नाही मागत, असं म्हणाली. गुरुवारी सकाळी पंचवीस होती. मी छत्तीस दिली.

पंधरा दिवसांनी ती आली ती अंडी घ्यायला नाही, डबा परत द्यायला. शेडच्या बाहेर कडुलिंबाखाली बसली. मंदानं पाणी दिलं, ते तसंच हातात धरून होती.

"रिकाम्याचे बी गेले," ती म्हणाली. "मले समजलं काय होते ते. साध्या दिवशी माझा हात चालते, काका. खरं प्रथिन समोर आलं का थरथरते. मले वाटते नाई थरथरत, पन थरथरतच असन. दोन्ही बारीले तसंच झालं. माझ्यानं व्हाचं नाई हे."

आणि तिनं उजवा हात पुढं करून माझ्यासमोर धरला. स्थिर होता. आम्ही दोघंही त्या हाताकडे बघत होतो. मी हे सांगतो आहे, कारण सांगायला दुसरी जागा उरलेली नाही. मी म्हणालो, "होते असं कवा कवा."

दोन दिवसांनी मंदानं माझ्यासमोर स्कूटरची चावी ठेवली. "तिले सांगून या. तिचा हात साजरा हाय येवढं त सांगा. बाकी नका सांगू वाटलं त."

मी गेलो. खरंच गेलो होतो. कॉलेजच्या व्हरांड्यात सर समोर आले. तोंड भरून हसले आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले, "हे आमचे थर्मामीटरवाले तज्ज्ञ. आज काय मोजायला आलात?" बस. मी तिथंच त्यांना काय काय बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. शिपाई धावत आले. मी उलट्या पावली स्कूटरवर बसून घरी आलो आणि मंदाला सांगितलं, त्या माणसाच्या दारात मी पुन्हा पाय ठेवणार नाही. ठेवलाही नाही. वैशाली त्या वेळी व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत होती, हे मला मागाहून कळलं.

त्या उन्हाळ्यात तिनं संशोधन सोडलं.

आता माझी तक्रार. ती मी इतकी वर्षं सांभाळली आहे, ती मांडतो. दोष मी मानतो, पण अख्खा मानत नाही. हात वाईट आहे म्हणणाऱ्या त्या सरांनी काय तपासलं? सहा अंडी न उघडता, मणी नाही, खिडकी नाही, तशीच मशीनमध्ये बाजूला ठेवली असती आणि शेवटी फोडून बघितली असती, तर त्यातही बिघडलेले डोळे दिसले असते आणि माझं पाप त्याच दिवशी उघडं पडलं असतं. अंड्याचा दोष की हाताचा, हे कोंबडीवाल्यालाही सुचतं. पगार घेणाऱ्या माणसाला सुचलं नाही. पोरीला हे शिकवायचं काम कोणाचं होतं? माझं नव्हतं. निम्मा दोष त्यांचा, असं मी मंदाशी कित्येकदा भांडलो. मंदा म्हणायची, "निम्मा कराले तुमाले कोनी बोलावलं?"

पुढं मोठ्या कंपन्या आल्या, पिल्लू, खाद्य, औषध सगळं दारात आणून देऊ लागल्या. लहान उबवणीवाले एकेक करून बसले. मीही बसलो. मशीन विकायला काढलं तेव्हा आत राहिलेला शेवटचा ट्रे रिकामा करायचा होता. न फुटलेली अंडी एकेक फोडत होतो. एका पिल्लाची चोच, पंख, नखं सगळं पुरं होतं आणि डोळ्याच्या जागी साफ कातडी. असली शेकडो पिल्लं मी खड्ड्यात टाकली आहेत. हे हातात घेऊन बसलो. मंदानं पाहिलं आणि आत जाऊन माझा सदरा आणला.

आर्वीला डेपोच्या मागच्या गल्लीत घर सापडलं. दार तिच्या वडिलांनी उघडलं, रिटायर झालेले. "कोन?" म्हणाले. मी म्हणालो, अंडीवाला, सेलूचा. त्यांनी आत हाक मारली, "वैशाली, तुये ते काका आले पाय." इतक्या वर्षांनी मी त्या घरात 'ते काका' होतो. म्हणजे तिनं घरी माझ्याविषयी चांगलंच सांगितलं असणार.

ती गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत होती. रविवारची सकाळ. केसांत दोन-चार पांढरे. मी चहा नको म्हणालो आणि उभ्याउभ्याच सांगितलं. भरीची अंडी, पुसून खूण केलेली, दोन्ही उन्हाळ्यांत. तुझा हात चांगला होता. हिवाळ्यात सुधारला नव्हता, आधीपासूनच चांगला होता. आणि मग, मला आत्ताही कळत नाही का, मी सरांचंही बोललो. सहा अंडी न उघडता ठेवायला त्यांनी सांगायला हवं होतं, म्हणालो.

वडिलांनी रेडिओ बंद केला. वैशाली उठली आणि लोखंडी कपाटातून एक जाड वही घेऊन आली. ती पानं चाळत बसली नाही, सरळ एका पानावर गेली, जसं आपण रोजच्या रस्त्यानं जातो. त्या पहिल्या मे महिन्याचं पान माझ्यापुढं केलं. प्रत्येक अंड्याला क्रमांक, प्रत्येकापुढं मणी कोणता, डोळा कसा. खाली तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: न उघडता बाजूला ठेवलेली सहा. त्यावर काट. काटेपुढं: अंडी ताजी असल्याची काकांकडून खात्री केली, सहाही वापरली.

"सरनं नाई सांगतलं," ती म्हणाली. "मले सोताले सुचलं होतं."

निम्मा दोष मी ज्याच्या गळ्यात घालत आलो होतो तो सगळा त्या एका ओळीत माझ्याकडे परत आला. मी खाली बसलो.

वाटलं, आता ही रडेल, नाहीतर मला जा म्हणेल. तिनं तसं काही केलं नाही. ती माझ्या शेजारी पाटावर बसली, वही मांडीवर घेतली, पेन्सिल हातात घेतली आणि तिचा आवाज एकदम वेगळा झाला, त्या पहिल्या दिवसासारखा, घाईचा.

"काका, सगळी त भरीची नव्हती ना? निम्म्याहून जास्त ताजी होती. म्हंजे जुनी काहाडून टाकली त ताजी उरतात. ताज्यामधला रिकाम्या मण्याचा डोळा कसा, प्रथिनाच्या मण्याचा कसा, येवढंच पाह्यचं हाय. सगळं लिहून हाय. फक्त मले सांगा, कोनती?"

मी वहीकडे पाहिलं. क्रमांक, क्रमांक, क्रमांक. सगळ्यांवर त्या दिवशीची खूण मीच केली होती, सारख्या अक्षरात, कुणाला ओळखू येऊ नये म्हणून. कोणत्या सोमवारी चौदा घातली, कोणत्या वेळी एकही नाही, शेवटच्या गुरुवारच्या छत्तीसांतली अकरा कोणती, मला काही माहीत नव्हतं.

"दिवस त आठवत असन. हा पहिला सोमवार पाहा. हा?"

मी आयुष्यभर गिऱ्हाइकाला हवं ते सांगत आलो. त्या क्षणी जिभेवर आलं होतं, कोणतातरी आकडा सांगून टाकावा, कोणतातरी सोमवार. ती लिहून घेणार होती. तिनं यावेळीही मानलं असतं.

"नाई आठवत, पोरी," मी म्हणालो.

"घाई नाई," ती म्हणाली. "बसा. मंग हा गुरुवार. या दिवशी मी दुपारच्या गाडीनं आली होती."

"नाई."

तिनं पान उलटलं. वडील भिंतीला टेकून उभे होते, ते तिच्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही. ती एकेका ओळीवर पेन्सिलीचं टोक ठेवत होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी मान हलवत होतो. वही संपत आली तरी तिनं पेन्सिल खाली ठेवली नाही.